ठोकायची परवानगी

गेबहार्ड रोमिंगर हा आमच्या इमारतीचा मालक नव्हता, चिटणीस नव्हता, पोलीस तर नव्हताच नव्हता. तळमजल्यावर डाव्या हाताला राहणारा एक निवृत्त मुकादम, एवढीच त्याची पायरी. पण दुपारी एक ते तीन या वेळात आमच्या सहा बिऱ्हाडांपैकी कुणाला शिंक आली, तर ती मोकळी सोडावी की गिळावी हे ठरवायचा हक्क त्यानं आपल्याकडे घेतला होता. आणि आम्ही तो घेऊ दिला. आमच्या दक्षिण जर्मनीतल्या आल्ब डोंगराच्या पायथ्याच्या माणसांना कुणी नियम सांगितला की आम्ही आधी मान डोलावतो, मग घरी जाऊन विचार करतो, आणि मग पुन्हा मान डोलावतो.

मी त्याच्या समोरच्या दारात राहते. तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांना अहो-जाहोच करत आलो आणि ते बरंच झालं. त्या माणसाला अरे-तुरे करण्याइतकी जवळीक मला झेपली नसती.

नियम वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. दुपारी गवत कापायचं यंत्र चालवू नये, भिंतीला भोकं पाडू नयेत, गॅलरीत गालिचे झोडपू नयेत, रविवारी रिकाम्या बाटल्या कोपऱ्यावरच्या लोखंडी डब्यात टाकू नयेत. शेजाऱ्याला घटकाभर डोळा लावू द्यावा, यात कुणाचं काय जातं? पण रोमिंगरला माणसांच्या झोपेशी देणंघेणं नव्हतं. त्याला शांतता हवी होती ती पाळली जातेय हे बघण्यासाठी. सगळे खरंच गप्प बसले की तो बेचैन व्हायचा, खिडकीशी येऊन उभा राहायचा, कान टवकारून. एखाद्याच्या हातून झाकण पडलं की चेहरा कसा उजळायचा त्याचा!

लोक म्हणायचे, बिचाऱ्यानं जन्मभर बनियनच्या गिरणीत यंत्रांचा खडखडाट ऐकला, म्हातारपणी त्याच्या कानांना विश्रांती हवी असेल. बिचारा म्हणे! मीही त्याच गिरणीत होते, त्याच्याच हाताखाली. तोच खडखडाट माझ्या कानांनीही ऐकला. मी नाही कुणाच्या झाकणाच्या आवाजावरून जिने चढत गेले. गिरणीत तो आम्हा बायकांवर ओरडायचा आणि यंत्रांपुढे त्याचा आवाज कुणाला ऐकू जायचा नाही. त्याचा सूड तो आमच्यावर उगवत होता, असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

त्याची एक खासियत सांगायलाच हवी. नियम मोडणाऱ्याच्या दाराची घंटी तो शांततेच्या वेळात कधीच वाजवायचा नाही, कारण घंटी म्हणजे आवाज. मग काय करायचा? कोट घालायचा, दोषी माणसाच्या दारासमोर जाऊन उभा राहायचा, घड्याळ हातात धरून, तीन वाजेपर्यंत. चर्चचे ठोके पडले की बोट घंटीवर. आतला माणूस आपला निवांत असायचा आणि बाहेर हा खांब. याला तो सभ्यता म्हणायचा. चर्चच्या घंटेवरही त्यानं एकदा तक्रार केली होती. पाद्रीबुवांनी त्याला कॉफी पाजून परत पाठवलं.

आणि त्याचं ते नमद्याचं वेड. गिरणीतून निघताना त्यानं करड्या नमद्याचे, म्हणजे आवाज गिळणाऱ्या जाड लोकरी कापडाचे, गठ्ठेच्या गठ्ठे आणले होते. खुर्च्यांच्या पायांना नमदा, कपाटांच्या दारांना नमदा. नवीन भाडेकरू आला की त्याला स्वागत म्हणून कापून ठेवलेल्या नमद्याच्या चकत्या. तळघराच्या दाराला तर त्यानं चारी बाजूंनी अशी पट्टी ठोकली होती की ते दार लागलं हे बघूनच कळावं. जिन्यात वापरायला सगळ्यांना नमद्याच्या सपाता शिवून दिल्या. कुणी त्या घालायचं नाही, तो आणि त्याची बायको सोडून.

तिचं नाव ट्राउडल. गिरणीत माझ्या शेजारच्या यंत्रावर होती. ही बाई हसली की यंत्रांच्या वरून ऐकू यायची. पलीकडच्या रांगेतल्या बायका न ऐकलेल्या विनोदाला हसायच्या, केवळ ती हसली म्हणून. एवढ्या पोरी असताना रोमिंगरनं लग्नाला नेमकी तीच निवडली. आणि तिनं हो म्हटलं, यावर मी आजही कपाळाला हात लावते. लग्नानंतर ती हळूहळू ऐकू येईनाशी झाली. आधी हसणं गेलं, मग भांडी गेली, मग पावलं. चमचा कपात ढवळताना कडेला लागू नये म्हणून ती मधोमध ढवळायची, जीव एकवटून. मी एकदा म्हटलं, "अगं, लागू दे की कडेला, कप काय रडतोय?" तर ती कुजबुजली, "लिओबा, तो झोपलाय." झोपलेला नव्हता. दाराआड उभा होता.

तर त्या रविवारची गोष्ट. त्याच्या काही महिने आधी तिसऱ्या मजल्यावर मिर्येता आणि बेस्निक हे कोसोवोचं जोडपं राहायला आलं होतं. ती शहरबस चालवते, तो फरशा बसवतो. फरशा बसवणारा माणूस वर राहायला आला म्हटल्यावर रोमिंगरच्या तोंडाला पाणीच सुटलं. पण दोघं मेली शहाणी निघाली; शांततेच्या वेळात घरातून एक टाचणी पडल्याचा आवाज येईल तर शपथ. रोमिंगर वाळून चालला होता.

ट्राउडलनं त्या दिवशी सकाळी अक्रोडाचा केक केला होता. तीन वाजून गेले की कॉफी आणि केक, हा आमच्याकडचा रविवार. वरून पेरायला अक्रोड कमी पडले. आता दुपारी दीडच्या सुमारास अक्रोड फोडायचे म्हणजे घरात शक्यच नाही. म्हणून ती, नेहमी करायची तशी, एप्रनच्या खिशात हातोडी आणि अक्रोड घालून तळघरात निघाली. हो, ही बाई केकचे अक्रोड फोडायला तळघरात जायची, आणि तिला त्यात काही विचित्र वाटायचं नाही. पायांत नमद्याच्या सपाता. दगडी पायऱ्या रोमिंगरनं शनिवारीच ओल्या फडक्यानं घासून आरशासारख्या केलेल्या, कारण त्या आठवड्यात जिना साफ करायची पाळी दर्शवणारी पाटी त्याच्या दारावर होती. शेवटच्या चार पायऱ्या ती पाठीवरच उतरली. खुबा मोडला.

तिनं हाक मारली. पण हाक मारायची सवयच गेलेली. जी काय निघाली ती त्या पट्टी ठोकलेल्या दारानं गिळून टाकली. मग तिच्या हाताला हातोडी लागली आणि डोक्याशी गरम पाण्याचा नळ होता, सगळ्या मजल्यांवर जाणारा. तिनं ठोकायला सुरुवात केली. आणि आधी काय केलं असेल? हातोडीला रुमाल गुंडाळला. कुणाची झोप मोडू नये म्हणून. हे तिनंच मला नंतर सांगितलं, आणि मला इतका संताप आला की मला खोलीबाहेर जाऊन यावं लागलं.

रुमालातून काही होईना तेव्हा तिनं तो काढला. टक्, टक्, टक्. नळातून आवाज सगळ्या घरांत गेला. सगळ्यांनी ऐकला. पहिल्या मजल्यावरच्या एटिंगरबाईंनी ऐकला, निवृत्त शिक्षिका त्या. दुसऱ्या मजल्यावरच्या ओस्वाल्ड नवरा-बायकोनं ऐकला. कुणीही जागचं हललं नाही. उलट सगळे खूष झाले, की चला, वरचे सापडले एकदाचे, आता रोमिंगर बघून घेईल. ओस्वाल्डनं तर दार किलकिलं करून ठेवलं, पुढची गंमत नीट ऐकू यावी म्हणून.

आणि रोमिंगर? तो आरामखुर्चीतून ताडकन उठला. बायको स्वयंपाकघरात आहे असं तो धरून चालला होता. घरात बायको आहे की नाही हे आवाजावरून कळायची सोयच त्यानं ठेवली नव्हती. त्यानं कोट चढवला, टोपी घातली, घड्याळ घेतलं आणि तळघराच्या दारासमोरून वर गेला. तिसऱ्या मजल्यावर. आणि मिर्येताच्या दारासमोर उभा राहिला, तीन वाजायची वाट बघत.

तासभर तो तिथं उभा होता. खाली त्याची बायको दगडावर पडून नळ ठोकत होती आणि हा वर उभा राहून ते मोजत होता. हळूहळू ठोके मंदावले, मधली अंतरं वाढली. त्याला वाटलं, आपण नुसते दाराबाहेर उभे आहोत तर आतल्यांची कशी टरकली! हे त्यानं स्वतःच्या तोंडानं ओस्वाल्डला सांगितलंय, म्हणून मला माहीत.

मी त्या दिवशी बहिणीकडे जेवायला गेले होते. परत आले, इमारतीचं दार उघडलं, आणि वरून बोलण्याचा आवाज आला. मिर्येताची दुपारची पाळी होती. कामावर निघायला तिनं दार उघडलं तर समोर हा.

"अगं बाई! काय हो रोमिंगर, इथं काय करताय?"

"तीन वाजायची वाट बघतोय."

"का? तीनला काय आहे?"

"तीनला मी घंटी वाजवणार. तुमच्याकडे ठोकाठोक चाललीय. रविवारी! भरदुपारी! फरशा बसवायला हाच मुहूर्त मिळाला का तुमच्या मिस्टरांना?"

"बेस्निक घोरतोय आत. का घोरायलाही बंदी आहे? तसं असेल तर लिहून द्या, भिंतीवर लावते."

"मला शहाणपण शिकवू नका. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

तेवढ्यात पुन्हा आवाज आला. टक्. बऱ्याच वेळानं, टक्.

"हे! हे काय मग?" रोमिंगर म्हणाला.

"अहो, मी तुमच्यासमोर उभी आहे, तो झोपलाय. आमची हातोडी काय एकटीच उठून काम करते?"

मी खाली दारात उभी होते आणि मला स्वच्छ ऐकू येत होतं की आवाज खालून येतोय. मी जिन्यात तोंड वर करून ओरडले, "अहो, खालून येतंय! तळघरातून! कुणीतरी आहे खाली!"

आणि वरून रोमिंगरचा आवाज आला, दबका, दात आवळलेला. "हळू बोला हो! अजून तीन वाजले नाहीयेत."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. विसरू नये म्हणून अधूनमधून त्याला ऐकवतेही.

मिर्येता धाडधाड जिने उतरत आली, बूट घातलेले, आणि त्या इमारतीत मी ऐकलेला तो सगळ्यात चांगला आवाज होता. आम्ही दोघी खाली गेलो. ट्राउडल पायऱ्यांच्या तळाशी पडली होती, ओठ निळे, आजूबाजूला अक्रोड विखुरलेले, हातोडी हातात. मिर्येतानं अंगातला बसकंपनीचा कोट काढून तिच्यावर घातला आणि तिचे हात चोळायला लागली. मी गुडघ्यावर बसले. ट्राउडलनं माझ्याकडे बघितलं आणि पहिलं काय विचारलं?

"तीन वाजले का गं?"

तेवढ्यात रोमिंगर आला, एकेक पायरी जपून, सपातांत. त्यानं बायकोकडे बघितलं, हातोडीकडे बघितलं, नळाकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस खाली बसेल, तिचं नाव घेईल, रडेल, निदान टोपी तरी काढेल. तो म्हणाला,

"म्हणजे... ते तू ठोकत होतीस?"

ट्राउडल त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं हातोडी उचलली, खुबा मोडलेला असूनही, कुठून बळ आणलं देव जाणे, आणि नळावर अशी हाणली की वरच्या मजल्यावर एटिंगरबाईंच्या हातातला कप पडला.

"हो," ती म्हणाली. "मीच."

रुग्णवाहिका आली ती भोंगा वाजवतच. आणि हा मनुष्य फाटकात उभा राहून ड्रायव्हरला हातानं खुणा करत होता, जरा हळू, जरा हळू. मला वाटतं तो हात आपोआप हलत होता. पण म्हणून मी त्याला माफ करत नाही.

संध्याकाळी जिन्यात सगळे जमले. एटिंगरबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मला वाटलं, रोमिंगर बघतीलच." ओस्वाल्ड म्हणाला, "आम्हाला वाटलं, वरच्यांचं काम चाललंय. आपण कशाला मध्ये पडा?" मी म्हटलं, "तुम्ही मध्ये पडू नका हो. तुम्ही दार किलकिलं करून बसा." तेव्हापासून ओस्वाल्ड माझ्याशी बोलत नाहीत. घरातली शांतता तेवढीच वाढली.

ट्राउडलचा खुबा बसवला. मग तिला डोंगरावरच्या केंद्रात ठेवलं, पुन्हा चालायला शिकवतात तिथं. रोमिंगर रोज जायचा, दुपारी तीन वाजल्यानंतर, हे सांगायला नकोच. इस्त्री केलेले गाऊन न्यायचा, डब्यात कापलेली सफरचंदं न्यायचा. केवढी काळजी, असं एटिंगरबाई म्हणायच्या. मी म्हटलं, कपड्यांची काळजी त्याला पहिल्यापासून आहे, कपडे बोलत नाहीत.

मी गेले की ट्राउडल पलंगावर बसून ऐकत असायची. "लिओबा, इथं जेवणाच्या गाडीची चाकं काय खडखडतात गं! आणि पलीकडची म्हातारी दिवसभर गाते. बेसूर. दुपारी दोनलासुद्धा!" ती गोड बातमी द्यावी तशी सांगायची. चमचा कपात घालून ढवळायची तो असा की कप फुटेल असं वाटावं.

डॉक्टर म्हणाले, आता घरी जायला हरकत नाही. नाहीतर त्याच केंद्राच्या आवारात म्हाताऱ्या माणसांसाठी खोल्या आहेत, त्यातली एक रिकामी होती. आठवडाभरात कळवा म्हणाले.

"मग? येतेस ना घरी?" मी विचारलं.

ती म्हणाली, "त्यानं मला एकदा विचारावं गं, तिथं पडल्या पडल्या मला काय वाटत होतं. एवढंच. माफीबिफी नको. विचारलं की मी त्याच दिवशी घरी येते."

"मी सांगू का त्याला?"

"सांगितल्यावर विचारलं, तर ते विचारणं कसलं?"

म्हणून मी तोंड शिवून बसले, आणि ते माझ्यासारखीला किती जड गेलं असेल ते मला ओळखणारे जाणतात. समोरच्या दारातून तो रोज बाहेर पडताना दिसायचा, गाऊनची पिशवी घेऊन, आणि प्रश्न माझ्या जिभेवर येऊन परत जायचा. एकदा तो थांबला, म्हणाला, "घर फार शांत वाटतं हो." मला क्षणभर आशा वाटली. मग तो म्हणाला, "पण त्या दाराची पट्टी जरा सैल झालीय."

त्याच आठवड्यात इमारतीची बैठक झाली. रोमिंगरनं बैठकीत मुद्दा मांडला, उभा राहून, घसा खाकरून, कोट घालून. कागदावर टाइप करून आणला होता. 'पडल्यामुळे, आजारामुळे अथवा तत्सम संकटामुळे मदतीची गरज भासल्यास रहिवाशांना शांततेच्या वेळातही ठोकण्याची परवानगी राहील.' मी इकडेतिकडे बघितलं. कुणीतरी हसेल असं मला वाटलं. एटिंगरबाईंनी 'अथवा'ऐवजी 'किंवा' सुचवलं. मग सगळ्यांनी हात वर केले. बेस्निकनं मिर्येताकडे बघितलं, मिर्येतानं छताकडे. ठराव मंजूर झाला आणि रोमिंगरचे डोळे चक्क भरून आले. त्याला खरंच वाटत होतं की त्यानं बायकोसाठी काहीतरी मोठं केलंय. इतका मठ्ठपणा एका माणसात मावतो कसा, हे मला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो केंद्रात गेला तेव्हा मी आधीच तिथं होते. डॉक्टरांना कळवायचा तो शेवटचा दिवस. ट्राउडलनं केस विंचरले होते, बाहेरचे कपडे घातले होते, बॅग पलंगाशी भरून ठेवली होती. घरी जायला भरली होती की आवारातल्या त्या रिकाम्या खोलीत, ते त्या क्षणी तिलाही माहीत नव्हतं.

रोमिंगर खुर्चीच्या कडेला बसला. खिशातून कागद काढला, उलगडला, हातानं सारखा केला.

"ट्राउडल," तो म्हणाला, "मी तुझ्यासाठी काहीतरी आणलंय."

त्यानं वाचून दाखवलं. सावकाश, 'किंवा'सकट. वाचून झाल्यावर वर बघितलं, बक्षिसाच्या आशेनं. बाहेर जेवणाची गाडी खडखडत गेली आणि या वेळी त्यानं नाक मुरडलं नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगते.

"एकमतानं मंजूर झालं," तो म्हणाला. "आता तू कधीही ठोकू शकतेस."

ट्राउडल त्याच्याकडे बघत होती. रागानं नाही. शेवटच्या बसची वाट बघणारा माणूस रस्त्याच्या वळणाकडे बघतो तशी. मग तिनं विचारलं,

"आणि ठोकलं तर ऐकायचं कुणी, ते लिहिलंय का त्यात?"

रोमिंगरनं खिशातून चष्मा काढला, नाकावर चढवला, आणि कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.

मी उठले आणि तिची बॅग आवारातल्या त्या खोलीत नेऊन ठेवली.